गोदामात एवढा माल मावतो का, हे बोर्डात कोण विचारणार?

मी बँकेत क्रेडिट डिपार्टमेंटला बरीच वर्षं काढली. मोठी कर्जं बोर्डापुढे जायच्या आधी त्यांची नोट लिहायचं काम. नोट म्हणजे चाळीस-पन्नास पानं, कंपनी काय करते, ताळेबंद कसा आहे, तारण काय, प्रवर्तक कोण, आधीची परतफेड कशी होती आणि शेवटी आमची शिफारस. मीटिंगला आम्हाला आत बोलवायचे, भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसायचं, काही विचारलं तर उत्तर द्यायचं, नाहीतर गप्प. म्हणजे बोर्ड हा प्रकार मी टेबलाशी बसून नाही, भिंतीजवळून बघितलाय. त्यामुळे कुणी "बोर्डात डायव्हर्सिटी आणली की एनपीए कमी होतो" (म्हणजे संचालक मंडळात वेगवेगळ्या प्रकारची माणसं घेतली की थकलेली कर्जं कमी होतात) असं एका ओळीत सांगून मोकळं झालं की मला राहवत नाही, आणि कुणी "हे सगळं फॅड आहे हो" म्हणालं की तेव्हाही राहवत नाही. आज जरा सविस्तर लिहिते.

एक मीटिंग सांगते. प्लास्टिकचे दाणे आयात करून विकणारी कंपनी होती, कॅश क्रेडिटची लिमिट वाढवून मागत होती. कॅश क्रेडिटला तारण म्हणजे गोदामातला माल. कंपनी दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देते, त्यावर आपण मार्जिन कापून ड्रॉइंग पॉवर काढतो आणि तेवढे पैसे उचलू देतो. नोट मीच लिहिली होती. रेशो व्यवस्थित, विक्री वाढती, ऑडिटरचा वाईट शेरा नाही. बोर्डावर तेव्हा बहुतेक जण एकतर बँकांमधून रिटायर झालेले नाहीतर सीए, त्यांनी रेशोंचं पान बघितलं, करंट रेशो ठीक, डेट-इक्विटी ठीक, चला पुढे. एक संचालक होते ज्यांचं सगळं आयुष्य मालवाहतूक आणि गोदामांच्या धंद्यात गेलेलं, बोर्डावर नवीन, आधीच्या दोन मीटिंगमध्ये एक शब्दही बोलले नव्हते. त्यांनी विचारलं, "गोदाम केवढं आहे?" मी पान उलटून सांगितलं, वीस हजार चौरस फूट, एकमजली. त्यांनी अजेंड्याचा कागद उलटा केला आणि मागे हिशोब मांडायला घेतला. वीस हजार चौरस फूट म्हणजे साधारण १८५० चौरस मीटर, त्यातली निम्मी जागा फोर्कलिफ्टच्या वाटांना जाणार, राहिले ९०० च्या आसपास, एका पॅलेटला, म्हणजे माल रचायच्या फळीला, सव्वा चौरस मीटर धरला तर सातशे-सव्वासातशे पॅलेट, एकावर एक दोन ठेवली तर साडेचौदाशे, आणि एका पॅलेटवर जास्तीत जास्त सव्वा टन. "मॅडम, इथे दोन हजार टनाच्या वर माल मावत नाही," ते म्हणाले. "तुमच्या कागदावर सहा हजार आहे."

दोन वर्षं ती फाइल माझ्याकडे होती. दर तिमाहीला आमचा माणूस गोदामावर जाऊन यायचा, तपासणीचा रिपोर्ट फाइलला लागायचा, सही असायची, शिक्का असायचा. तो रजिस्टर बघून यायचा, पोती मोजत नव्हता, आणि मीही त्याला कधी विचारलं नव्हतं. प्रपोजल परत आलं, बाहेरच्या माणसाकडून स्टॉक ऑडिट करून घेतलं, तेव्हा कळलं की तोच माल आणखी एका बँकेलाही तारण दाखवलेला होता. आम्ही लिमिट वाढवली नाही, उलट हळूहळू कमी करत बाहेर पडलो. त्या खोलीत माझ्यासकट सगळ्यांकडे तेच दोन आकडे होते, २० हजार चौरस फूट आणि ६ हजार टन, दोन वेगवेगळ्या पानांवर. ते दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवायची सवय फक्त एका माणसाला होती.

बोर्डातली डायव्हर्सिटी म्हटलं की मला आधी हे आठवतं, टेबलाभोवतीचे चेहरे वेगळे असण्यापेक्षा त्यांचे प्रश्न वेगळे असणं. चेहऱ्यांचा आणि प्रश्नांचा संबंध असतो, बऱ्याचदा असतो, पण तो आपोआप येत नाही, आणि माझ्या मते इथेच सगळ्या चर्चेचा घोळ होतो.

आता याच्या काही वर्षं आधीची दुसरी मीटिंग. अजेंड्यावर आयटम नंबर चौदा, दिवस संपत आलेला, एका बांधकाम गटाला मोठं टर्म लोन, सात मिनिटांत मंजूर. टेबलाभोवतीचे सगळे साधारण एका वयाचे, एकाच पठडीत शिकलेले, अर्धे एकमेकांना पंचवीस-तीस वर्षं ओळखणारे आणि त्यातले काही प्रवर्तकालाही ओळखणारे. मी नोटमध्ये लिहिलं होतं की गटातल्या दोन कंपन्यांची विक्री आपसातच फिरतेय, एकीनं दुसरीला विकायचं आणि दुसरीनं परत पहिलीला. पण लिहिलं कुठे, तर परिशिष्टात, ३८ व्या पानावर. पहिल्या पानावर लिहिलं असतं तर वरून काढायला लावलं असतं हे माहीत होतं, आणि ३८ वं पान कुणी उघडणार नाही हेही माहीत होतं. तीन वर्षांनी खातं एनपीए झालं. ते ३८ वं पान मला अजून टोचतं.

हे का सांगतेय, तर बोर्ड काम करतं ते फक्त मीटिंगमध्ये नाही. नोट लिहिणाऱ्याच्या डोक्यात एक वाचक असतो, आणि बोर्डाचं खरं काम तिथे चालतं. वाचणारे सगळे एकसारखे असले की आपल्याला पाठ होतं कोण काय विचारणार, त्या चार प्रश्नांची उत्तरं आपण चकाचक तयार ठेवतो आणि बाकीचं परिशिष्टात जातं. गोदामवाले संचालक आल्यावर आमच्या डिपार्टमेंटमध्ये काय झालं सांगू का, पुढच्या तिमाहीत तपासणीला जाणारी पोरं टेप घेऊन जायला लागली. त्यांना कुणी सर्क्युलर काढलं नव्हतं. "ते सर विचारतील" एवढंच कारण. त्यातली काही प्रपोजलं बोर्डापर्यंत पोचलीच नाहीत, खालीच गळाली, आणि कुठल्याही मिनिट्समध्ये त्याची नोंद नाही.

याला पुष्टी देणारा एक अभ्यास मला फार आवडतो, जरी तो बोर्डावर नाहीये. अर्जेंटिनातल्या एका बँकेत कर्ज अधिकाऱ्यांची दर तीन वर्षांनी खातेबदली व्हायची. हर्त्सबर्ग, लिबर्टी आणि पारावासिनी यांनी बघितलं की बदलीची वेळ जवळ आली की अधिकारी आपल्याच खात्यांबद्दल जास्त खरं लिहायला लागतात, वाईट बातमी दडपत नाहीत, कारण आता दुसरा कुणीतरी येऊन तीच फाइल उघडणार आणि सगळं बाहेर येणार. २०१० साली हा पेपर आला. माणसं तीच, खाती तीच, फक्त वाचणारा बदलणार आहे एवढ्यावर कागद बदलतो. भिंतीजवळच्या खुर्चीवरून मी नेमकं हेच बघितलं होतं.

बरं, आता संशोधन काय म्हणतं. महिलांचं प्रमाण मोजायला सोपं आहे म्हणून सर्वात जास्त अभ्यास त्यावर झालेत. आयएमएफमध्ये (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत) रत्ना सहाय आणि मार्टिन चिहाक यांनी २०१८ मध्ये बऱ्याच देशांतल्या बँकांचा डेटा घेऊन लिहिलं, त्यात बँकांच्या सीईओंमध्ये महिला २ टक्क्यांपेक्षा कमी आणि बोर्डाच्या जागांवर २० टक्क्यांपेक्षा कमी निघाल्या, आणि जिथे बोर्डावर महिलांचं प्रमाण जास्त तिथे भांडवल जास्त, थकीत कर्जांचं प्रमाण कमी, बँक डबघाईला यायची शक्यता कमी असं दिसलं. हा पेपर सगळे दाखवतात. पण जर्मनीतल्या बँकांचा १९९४ ते २०१० चा डेटा घेऊन बर्गर, किक आणि शेक यांनी उलटं काढलं. तिथे कार्यकारी मंडळात महिलांचं प्रमाण वाढल्यावर बँकेची जोखीम थोडी वाढलेली दिसली, मंडळाचं सरासरी वय कमी झालं तरी वाढली, आणि पीएचडी झालेले लोक आले तर कमी झाली. नव्यानं आलेल्या त्या महिलांकडे अनुभव पुरुषांपेक्षा कमी होता असंही त्यांनीच दाखवलंय. म्हणजे बाई की पुरुष यापेक्षा, कुणाला कधी आणि किती तयारीनिशी वर आणलं हा मुद्दा असू शकतो. अमेरिकन बँकांवर ओवेन आणि तेमेशवारी यांचा २०१८ चा अभ्यास आहे, त्यात तर सरळ रेषाच नाही, महिलांचं प्रमाण एका पातळीच्या वर गेल्यावरच चांगला परिणाम दिसतो आणि तोही भांडवलानं भक्कम असलेल्या बँकांमध्ये.

ही पातळीची गोष्ट मला लगेच पटली. एकटी बाई किंवा एकटा वेगळा माणूस टेबलावर असला की तो आधी स्वतःला सिद्ध करण्यात असतो. मी बघितलंय ना, एक संचालिका होत्या, कायद्याची उत्तम जाण, पहिलं वर्षभर त्या प्रश्न विचारायच्या आधी "कदाचित माझ्या लक्षात आलं नसेल, पण" असं म्हणायच्या. पुढे आणखी दोन महिला आल्या आणि ते वाक्य बंद झालं. प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर होते. हमीपत्रांवर सह्या कुणाच्या, ठराव त्या तारखेचा आहे का, गहाण ठेवलेली जमीन खरंच कर्जदाराच्या नावावर आहे का की काकांच्या. तारणाचे कागद असे त्यांच्याइतके कुणी बघत नव्हतं.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायचीय. "बायका मुळात सावध असतात म्हणून बोर्डावर बायका घ्या, जोखीम कमी होईल" हा युक्तिवाद ऐकला की मला त्रास होतो, तो कितीही चांगल्या हेतूनं केलेला असला तरी. २००८ च्या आर्थिक संकटानंतर हे फार चाललं, फ्रान्सच्या तेव्हाच्या अर्थमंत्री क्रिस्तीन लगार्द यांनी त्या संकटात बुडालेल्या लेमन ब्रदर्स बँकेच्या जागी लेमन सिस्टर्स असत्या तर, असं म्हटलं आणि ते जगभर फिरलं. पण रेनी अ‍ॅडम्स आणि पॅट्रिशिया फंक यांनी स्वीडनमधल्या लिस्टेड कंपन्यांच्या संचालकांना प्रत्यक्ष प्रश्नावली देऊन तपासलं (२०१२ चा पेपर आहे), तर महिला संचालक पुरुष संचालकांपेक्षा जोखीम घ्यायला किंचित जास्तच तयार निघाल्या. साहजिक आहे, जी बाई इतके अडथळे ओलांडून बोर्डापर्यंत पोचली ती सरासरी बाई नसतेच. कर्ज अधिकाऱ्यांच्या पातळीवर मात्र अल्बेनियातल्या एका बँकेचा अभ्यास आहे, बेक, बेर आणि गुटलर यांचा, तिथे महिला अधिकाऱ्यांनी हाताळलेली कर्जं थकायचं प्रमाण कमी होतं. म्हणजे निवड आणि पाठपुरावा चांगला. हे भित्रेपण नाही, हे काम आहे. माझ्या सावधपणाला कुणी बायकीपणा म्हटलं तर मला चालणार नाही, मी तो ताळेबंद वाचून वाचून कमावलाय.

अ‍ॅडम्स यांचाच आणखी एक पेपर आहे, फरेरा यांच्यासोबत, २००९ चा, अमेरिकन कंपन्यांवर. महिला संचालकांची मीटिंगला हजेरी जास्त, महिला असल्या की पुरुषांचीही हजेरी सुधारते, शेअर पडला की सीईओला जाब विचारला जायची शक्यता वाढते. इतकं सगळं चांगलं, पण कंपनीच्या कामगिरीवर सरासरी परिणाम उणे. कारण ज्या कंपन्यांवर आधीच चांगली देखरेख होती तिथे आणखी देखरेख म्हणजे जाच झाला, आणि जिथे देखरेख ढिली होती तिथे फायदा झाला. मला वाटतं बँकांना हे जास्तच लागू आहे. बँकेत बाहेरून काही दिसतच नाही. कारखान्यात माल खराब निघाला तर पुढच्या आठवड्यात ग्राहक परत आणतो, कर्ज खराब निघालं तर कळायला तीन वर्षं जातात आणि ठेवीदाराला विमा असतो म्हणून तोही फार चौकशी करत नाही. मग विचारणार कोण, बोर्डच.

या तीन वर्षांच्या अंतरावर थोडं थांबते कारण इथे मला बऱ्याच अभ्यासांचं पटत नाही. यावर्षी बोर्डावर किती टक्के महिला, किती स्वतंत्र संचालक, किती परदेशी, आणि यावर्षी एनपीए किती, असं शेजारी शेजारी ठेवून संबंध काढतात. अहो पण यावर्षीचा एनपीए हा आधीच्या बोर्डानं दिलेल्या कर्जांचा आहे! आजचं बोर्ड जे मंजूर करतंय ते दिसायला वेळ आहे. त्यात थकीत कर्जाचं प्रमाण हा आकडाच फसवा. समजा बँकेनं एकूण १००० चं कर्ज वाटलंय आणि ५० थकलंय, म्हणजे ५ टक्के. पुढच्या वर्षी बँकेनं दणकून कर्ज वाटलं, एकूण १४०० झालं, थकीत वाढून ५६ झालं, तर प्रमाण झालं ४ टक्के. थकलेले पैसे वाढले आणि टक्का सुधारला, कारण नवीन ४०० ला अजून थकायला वेळच मिळालेला नाही. अशा वर्षी बँकेचा नफा चांगला दिसतो, व्याज येतंय, प्रोसेसिंग फी आलेली आहे, बुडीत कर्जांसाठी बाजूला ठेवायची तरतूद कमी करावी लागलीय, शेअर वर. जे बोर्ड या भानगडीला नाही म्हणेल त्याची कामगिरी त्या वर्षी वाईट दिसेल. १०० च्या मालमत्तेमागे स्वतःचं भांडवल ८ असेल तर मालमत्तेवर १ टक्का नफा म्हणजे भांडवलावर साडेबारा टक्के, हेच भांडवल ५ वर आणलं तर २० टक्के. धंदा तोच, फक्त पाया पातळ केला. म्हणून भांडवलावरचा परतावा वाढला की बोर्ड चांगलं, हे बँकेच्या बाबतीत मी मानत नाही.

दुसरी अडचण, आधी काय आणि नंतर काय. बँक चांगली चाललेली असली, पैसा असला, नाव असलं तर ती वेगवेगळे लोक बोर्डावर आणू शकते आणि तसे लोक यायला तयारही होतात. डबघाईच्या बँकेवर कोण येणार. मग डायव्हर्सिटीमुळे बँक चांगली की बँक चांगली म्हणून डायव्हर्सिटी? यातून सुटायला लोक कायद्याकडे बघतात, जिथे सगळ्यांवर एकदम सक्ती झाली. नॉर्वेनं २००३ मध्ये पब्लिक कंपन्यांच्या बोर्डावर ४० टक्के महिलांचा कायदा केला आणि २००८ पर्यंत पूर्ण करायला लावला. अहर्न आणि डिटमार यांनी २०१२ मध्ये लिहिलं की त्यानं कंपन्यांचं बाजारमूल्य घटलं, नव्या संचालिका वयानं लहान आणि वरिष्ठ पदाचा अनुभव कमी असलेल्या होत्या. मग एकबो आणि सहकाऱ्यांनी तोच विषय पुन्हा तपासला आणि असा ठाम परिणाम दिसत नाही म्हणाले. वाद चालूच आहे. ही घट झाली असं धरलं तरी मला त्यातून सक्ती वाईट एवढंच दिसत नाही, तर तोपर्यंत त्या बायकांना अनुभवाच्या खुर्च्यांवर कुणी बसूच दिलं नव्हतं हेही दिसतं.

संकटात सापडलेल्या बँकांचे चौकशी अहवाल मला या आकडेवारीच्या अभ्यासांपेक्षा जास्त शिकवून गेले. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड घ्या. २००७ मध्ये त्यांनी दोन साथीदार बँकांबरोबर एबीएन आम्रो ही डच बँक ७१ अब्ज युरोला घेतली. ब्रिटनच्या नियामकाचा डिसेंबर २०११ चा अहवाल सांगतो की एवढ्या व्यवहाराआधी समोरून मिळालेली माहिती म्हणजे दोन फाइली आणि एक सीडी. आणि बोर्ड एकमतानं तयार होतं. बोर्डावर मोठमोठी नावं होती, कुणी अडाणी नव्हतं, पण दोन फाइलींवर एवढा व्यवहार कसा करायचा यावरून कुणी अडून बसलं नाही. पुढे सरकारला ४५.५ अब्ज पौंड घालावे लागले. मी दोन फाइली हे वाचलं तेव्हा मला आमचा आयटम नंबर चौदा आठवला, खूप छोटा, पण तोच.

युरोपनं यातून धडा घेतला असं म्हणता येईल, २०१३ च्या त्यांच्या बँक भांडवलाच्या निर्देशात, सगळे एकाच दिशेनं विचार करतात म्हणूनही काही अंशी व्यवस्थापनाच्या निर्णयांवर देखरेख राहिली नाही, हे स्पष्ट लिहिलं आणि बँकांना बोर्डाच्या डायव्हर्सिटीचं धोरण ठेवायला सांगितलं.

पण उलटं टोकही बघा. ब्रिटनची को-ऑपरेटिव्ह बँक. २०१० ते २०१३ तिथे चेअरमन होते पॉल फ्लॉवर्स, मेथडिस्ट चर्चचे धर्मगुरू. बँकिंगच्या बाहेरचा माणूस, समाजाशी जोडलेला, वेगळी दृष्टी, डायव्हर्सिटीच्या तक्त्यात छान बसेल. नोव्हेंबर २०१३ मध्ये संसदीय समितीनं त्यांना विचारलं बँकेची एकूण मालमत्ता किती, ते म्हणाले तीन अब्ज पौंडांच्या आसपास. होती ४७ अब्ज. त्याच वर्षी बँकेच्या भांडवलात दीड अब्जाचं भगदाड सापडलं होतं, आणि स्वतंत्र चौकशी करणाऱ्या केली यांच्या २०१४ च्या अहवालानुसार त्याचं मोठं मूळ २००९ मध्ये विलीन करून घेतलेल्या ब्रिटानिया या गृहकर्ज सोसायटीच्या व्यापारी इमारतींवरच्या कर्जांमध्ये होतं. निव्वळ क्रेडिट रिस्क, म्हणजे दिलेलं कर्ज न फिटण्याची जोखीम. घेण्याआधी ती कर्जं नीट तपासली नाहीत.

स्पेनच्या काहांचंही तसंच. काहा म्हणजे तिथल्या बचत बँका, संकटाच्या आधी ४५ होत्या, बऱ्याच स्थानिक राजकारण्यांच्या प्रभावाखाली. कुन्यात आणि गारिकानो यांनी बघितलं की ज्या काहांच्या चेअरमनला बँकिंगचा अनुभव नव्हता किंवा पदव्युत्तर शिक्षण नव्हतं, त्यांनी बांधकामाला जास्त कर्ज दिलं आणि त्यांची थकबाकीही जास्त निघाली. जर्मनीतही हाऊ आणि थुम यांना २९ मोठ्या बँकांमध्ये हेच दिसलं, पर्यवेक्षक मंडळाला बँकिंग जितकं कमी कळत होतं तितका तोटा जास्त.

मग बँकिंग कळणारेच घ्या की सगळे? तेही नाही. मिंटन, टायार्ड आणि विल्यमसन यांना अमेरिकेत दिसलं की २००८ च्या आधी ज्या बँकांच्या स्वतंत्र संचालकांमध्ये वित्तक्षेत्राचे जाणकार जास्त, त्यांनी जोखीम जास्त घेतली आणि संकटात जास्त मार खाल्ला. जाणकार लोक जास्त धाडस करतात, आणि सगळे जाणकार एकाच शाळेचे असले तर एकाच खड्ड्यात पडतात. मला वाटतं बँकेच्या बोर्डाला एक विचित्र मिश्रण लागतं, अर्ध्याअधिक लोकांना ताळेबंद झोपेत वाचता यायला हवा, आणि उरलेल्यांना ताळेबंदाबाहेरचं जग हातानं माहीत असायला हवं, माल, जमीन, मजूर, कोर्ट, सॉफ्टवेअर. फक्त पहिले असले तर कुणी गोदाम मोजत नाही, फक्त दुसरे असले तर भगदाड दिसत नाही.

अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं नाव यात हमखास येतं. १० मार्च २०२३ ला बुडाली, आदल्या एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले होते. तिच्या बोर्डावर ४५ टक्के महिला होत्या म्हणून काहींनी लगेच बोट तिकडे दाखवलं. हे मला साफ चुकीचं वाटतं. ती क्रेडिट रिस्कनं बुडालीच नाही, लांब मुदतीचे रोखे घेऊन ठेवले, व्याजदर वाढले, रोख्यांची किंमत पडली आणि ठेवीदार एकाच वर्तुळातले, विम्याच्या मर्यादेबाहेरचे, एकमेकांना मेसेज करून एकदम धावले. २०२२ मध्ये जवळजवळ आठ महिने त्या बँकेत मुख्य जोखीम अधिकाऱ्याची खुर्ची रिकामी होती. त्या बोर्डात व्याजदराच्या जोखमीवर रोज जगलेला माणूस हवा होता, बाई असो वा बुवा. आणि मला यात दिसतं ते ठेवीदारांचं एकसारखेपण, ते कुणी मोजतच नाही.

ओळखीबद्दल एक राहिलं. सारखेपणाचा फायदाही असतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. भारतातल्या एका मोठ्या सरकारी बँकेच्या डेटावर फिसमन, पारावासिनी आणि विग यांनी दाखवलं की अधिकारी आणि कर्जदार एकाच समाजाचे असले की कर्जही जास्त मिळतं आणि परतफेडही चांगली होते, कारण माणूस ओळखता येतो. शाखेत हे खरं आहे, मी बघितलंय. पण वर बोर्डात ओळख म्हणजे माहिती राहत नाही, भीड होते. मेक्सिकोत १९९० च्या दशकात बँका आपल्याच मालकांच्या आणि नातेवाइकांच्या कंपन्यांना कमी व्याजानं कर्ज देत होत्या, ला पोर्ता आणि सहकाऱ्यांना दिसलं की अशी कर्जं बुडायची शक्यता बरीच जास्त आणि बुडाल्यावर वसुलीही कमी. ज्याच्या घरच्या लग्नाला आपण गेलोय त्याच्या ताळेबंदावर प्रश्न विचारणं जड जातं. बाहेरून आलेल्या माणसाला ते जड जात नाही, आणि त्याचं असणं इतरांनाही सोपं करतं. एका प्रयोगात लोकांकडून शेअरची खरेदी-विक्री करून घेतली, २०१४ चा आहे, काही गट एकाच वंशाच्या लोकांचे आणि काही मिश्र, तर मिश्र गटांमध्ये भाव खऱ्या किमतीच्या ५८ टक्के जास्त जवळ राहिले, फुगे कमी. कारण लोक शेजाऱ्यावर आंधळा विश्वास टाकत नव्हते, स्वतः हिशोब करत होते.

मिश्र बोर्डाच्या मीटिंगा लांबतात हेही खरं. आमच्या त्या संचालकांना सुरुवातीला सगळं समजावून सांगावं लागायचं, तरतुदीचे नियम, रेटिंग, ड्रॉइंग पॉवर कशी काढतात, आमच्यातले काही वैतागायचे. पण समजावताना कितीदा तरी आम्हालाच लक्षात यायचं की हे आपण का करतो ते आपल्यालाही माहीत नाही.

आता कुठल्याही बँकेचा वार्षिक अहवाल हातात आला की मी फोटोंचं पान उघडते खरं, पण मोजते ते वेगळं. रिस्क कमिटीत कोण आहे, तिच्या किती मीटिंग झाल्या, त्यातला कोण किती वेळा गैरहजर, संचालकांच्या आधीच्या नोकऱ्या किती प्रकारच्या आहेत, ते एकमेकांबरोबर आणखी कुठल्या बोर्डांवर बसतात, आणि कुठल्या एका क्षेत्राला किती कर्ज गेलंय. बासेलच्या, म्हणजे बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय, नियमानं एका कर्जदार गटाला टियर-१ भांडवलाच्या (बँकेच्या स्वतःच्या सर्वात भक्कम भांडवलाच्या) २५ टक्क्यांपर्यंत देता येतं, ती वरची मर्यादा आहे, पण तिच्या किती जवळ जायचं हे बोर्ड ठरवतं, आणि तिथे बोर्ड कसं आहे ते कळतं. बोर्डाचा खरा हात एकेका कर्जात नसतोच फारसा, तो या मर्यादांमध्ये असतो.

गोदामवाल्या सरांची मुदत संपली तेव्हा त्यांच्या जागी आणखी एक सीए आले, चांगले होते. मी तिथून बाहेर पडले तोपर्यंत स्टॉक तपासणीच्या फॉर्मात एक रकाना मात्र टिकून होता, गोदामाचं क्षेत्रफळ आणि कमाल साठवण टनांत. शेवटच्या वर्षी एका नवीन मुलीनं मला विचारलं, मॅडम हा रकाना कशासाठी आहे, दुसऱ्या बँकेच्या फॉर्मात नव्हता. मी तिला पाठकोऱ्या कागदावर तो हिशोब करून दाखवला, वाटा, पॅलेट, एकावर एक दोन, सव्वा टन. तिनं तो कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला.